एक वस्तू ठेवून जायची

शुभदाचा फोन आला तेव्हा मी बॅग भरत होते आणि माझ्या हातात विनूचा टेस्टर होता. विजेचं काम करणारे लोक शर्टाच्या खिशाला अडकवतात तो, पिवळ्या मुठीचा, आत इवलासा दिवा असलेला. विनू म्हणजे विनायक, माझा धाकटा भाऊ. हैदराबादला नल्लकुंट्यात राहायचा, लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होता. सोमवारी पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात दाखल झाला. स्वादुपिंडाला सूज आहे, चार-पाच दिवस राहावं लागेल, असं तिथे सांगितलं. मंगळवारी तो स्वतःच फोनवर बोलला. "अक्का, धावत येऊ नको, मी काही लगेच मरत नाही," म्हणाला, आणि मी खरंच धावत गेले नाही. मी परभणीला एका शाळेत गणित शिकवते. आठवीच्या घटक चाचणीचे पेपर तपासायचे राहिले होते. ते हातावेगळे करावेत आणि शुक्रवारच्या गाडीने निघावं असं मी ठरवलं. गुरुवारी दुपारी शेवटचा गठ्ठा बांधला, घरी येऊन बॅग भरायला घेतली आणि कपाटाच्या खणातून टेस्टर बाहेर काढला. दवाखान्यात त्याच्यासमोर धरायचा आणि त्याला हसवायचं, एवढंच मनात होतं. तेवढ्यात फोन वाजला. शुभदा, त्याची बायको, तीनच शब्द बोलली. "अक्का, हे गेले." मी टेस्टर पलंगावर ठेवला, मग पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला… बराच वेळ मला तेवढंच जमत होतं.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. विनू कोणी मोठा माणूस नव्हता. त्याच्यावर कुणी लेख लिहावा असं त्याने काही केलेलं नाही. अडकलेल्या लिफ्टमधून लोकांना बाहेर काढायचं आणि त्यांच्या शिव्या ऐकून घ्यायच्या, हे त्याचं काम. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई शेतात जायची, म्हणून मी त्याला कडेवर घेऊन शाळेत जायची. बाकाखाली बसून तो खडू खायचा आणि बाई फळ्याकडे वळल्या की माझा परकर बाकाच्या पायाला गाठी मारून बांधायचा. वर्ग सुटला की मी उठायची आणि बाकासकट उठायची. आमच्या दोघांच्या स्वभावाचा हिशेब तेव्हाच लागला होता. मला वस्तू जागच्या जागी लागतात. कात्री खिळ्याला, किल्ली वाटीत, चष्मा त्याच्या घरात. शाळेत मला शिस्तीची बाई म्हणतात, म्हणजे पाठीमागे काय म्हणत असतील ते मला माहीत आहे. आणि शिस्त दिसली की विनूचे हात शिवशिवायचे.

पाच वर्षांपूर्वीपर्यंत मी हैदराबादला क्वचित जायची. दोन वर्षांतून एकदा, दोन दिवस, तेही कुणाचं काही कार्य असलं तर. अशाच एका खेपेला माझा कंगवा तिथे राहिला. मी घरी पोचल्या पोचल्या फोन केला, कुरिअरने पाठव म्हणून. विनू म्हणाला, "पाठवत नाही. न्यायला ये." मी म्हटलं, कंगव्यासाठी कोणी दिवसभराचा प्रवास करत नाही. तो म्हणाला, "तू करशील. तुला दुसऱ्या कंगव्याने विंचरता येत नाही." गाढवाला माझा स्वभाव पाठ होता. तीन महिन्यांनी सुट्टी बघून मी गेले. कंगव्यासाठीच गेले असं म्हणायला हरकत नाही. पोचले तर त्याने एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कंगवा ठेवलेला, त्याची तीन वर्षांची मुलगी रेवा तो डबा पोटाशी धरून दारात उभी. चहाच्या आधी डबा उघडायचा, असा नियम त्याने तिथल्या तिथे केला. आणि निघताना दुसरा नियम केला. प्रत्येक खेपेला आत्याची एक वस्तू इथेच राहील. कोणती, ते रेवा ठरवेल. आत्याने शोधायची नाही, विचारायची नाही. पुढच्या खेपेला परत मिळेल.

या खेळाला घरात सगळे 'ठेव' म्हणू लागले. रेवाच्या मागून सोहम आला, तो चालायला लागला तसा त्याचाही हात माझ्या बॅगेत जाऊ लागला. एकदा एक मोजा राहिला, एकच. एकदा पेपर तपासायचं लाल पेन. एकदा गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली, तेव्हा मात्र मी दीड महिन्यातच गेले. मी दर वेळी कुरकुर करायची, दर वेळी बॅग दोनदा तपासून बघायची, आणि काय गेलंय ते घरी पोचेपर्यंत कधीही कळायचं नाही. हळूहळू मी वर्षातून तीन-चार वेळा हैदराबादला जाऊ लागले. शुभदा एकदा हसत म्हणाली होती, "अक्का, तुम्हाला बोलावून बोलावून आम्ही थकलो होतो, आणि हे बघा, एका मोज्याने आणलं तुम्हाला." शुभदाचं माहेर काचीगुड्याचं, तीन पिढ्या तिथेच. ती जामबागेतल्या मराठी शाळेत शिकली, त्यामुळे छान मराठी वाचते, पण बोलताना तिचं 'नक्को' आणि 'हौ' सुटत नाही. मुलांचं तर काय विचारावं! मराठी, तेलुगू आणि दखनी यांची एकच खिचडी. त्यांना मराठी वाचता येत नाही, यावरून मी विनूला दर खेपेला बोलायची. "तू ये ना राहायला, शिकव," तो म्हणायचा.

मी पोचायची तेव्हा सोहम जिन्यात असायचा. दोन मजले तो माझ्यापुढे उड्या मारत चढायचा, "ओकटी, रेंडू, मूडू" करत पायऱ्या मोजायचा, आणि अकराच्या पुढे गाडी पुन्हा ओकटीवर यायची. मी मुकाट्याने मागून चढायची. पाढे पाठ करून घेणारी मी, पण त्या जिन्यात मी त्याला कधीही सुधारलं नाही. वर डबा तयार. "आत्या, आँखां बंद कर," रेवा सांगायची. मग चार दिवस घरात माझं काही चालायचं नाही. विनूने गॅलरीच्या कठड्याला कप्पी बसवून पुठ्ठ्याच्या खोक्याची लिफ्ट केली होती. दोरीला मजल्यांच्या खुणा, लाल रिबिनीच्या. खाली भाजीवाली आली की खोकं खाली जायचं आणि कोथिंबीर वर यायची. मला लिफ्टची घंटा केलं होतं. खोकं पहिल्या मजल्यावर आलं की मी 'टिंग' म्हणायचं. एकदा माझं लक्ष नव्हतं, मी टिंग म्हटलं नाही, तर सोहमने दोरी तिथेच थांबवून धरली. खाली भाजीवाली ओरडतेय, खोक्यातल्या टोमॅटोंसकट लिफ्ट अडकलेली, आणि हा माझ्याकडे बघतोय. विनू आतून आला, खिशातला टेस्टर काढून माझ्या कपाळाला लावला आणि गंभीरपणे म्हणाला, "घंटेत करंट नाही." पोरं गॅलरीत लोळून हसली. मी रागावल्याचं सोंग केलं. खरं सांगायचं तर इतका आनंद मला आयुष्यात फार वेळा झालेला नाही.

या वर्षी मे महिन्यात मी अशीच चार दिवस राहून परत आले. परभणीच्या भर उन्हात दारापुढे उभी राहिले, पर्समध्ये हात घातला, आणि घराची किल्ली नव्हती. ठेव म्हणून पोरांनी किल्ली ठेवून घेतली होती! मी एकटी राहते, दुसरी किल्ली घरातच. शेजाऱ्यांनी माणूस बोलावून कुलूप तोडून घेतलं. ते होईपर्यंत मी पायरीवर बसून विनूला फोन लावला आणि नको नको ते बोलले. "तुझ्या मुलांना वळण लावणं तुला जमत नसेल तर तसं सांग. घर म्हणजे सर्कस नाही." त्यानंतर आठ दिवस मी त्याचा फोन घेतला नाही. नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, दार वाजलं तर विनू आणि दोन्ही मुलं. सोहमच्या हातात तो बिस्किटांचा डबा, आत किल्ली. त्याला वाटेत पढवून आणलेलं दिसत होतं, पण तो पढवलेलं विसरला आणि स्वतःचं बोलला. "आत्या, चावी सगळ्यात छोटी होती ना. मला वाटलं छोटी वस्तू तुला लागत नसेल. तुला त्रास नक्को म्हणून छोटी घेतली." मी त्याला उचलून घेतलं.

त्या दुपारी जेवून तिघंही झोपले. विनूचा शर्ट खुंटीला होता, खिशाला टेस्टर. मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली, कारण ती एकदा तडकली होती. कंपनीने नवे दिले तरी तो हाच वापरायचा. माझ्या मनात काय आलं कोण जाणे… मी तो काढला आणि माझ्या साड्यांच्या खणात ठेवला. या वयात, बाईमाणसाने, भावाचा खिसा मारला. संध्याकाळच्या गाडीत बसेपर्यंत त्याला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी फोन आला. "अक्का, माझा टेस्टर तुझ्याकडे राहिलाय का?"

"राहिला नाही. ठेवून घेतलाय. न्यायला ये."

तो हसत सुटला. हसता हसता ठसका लागला त्याला. "म्हणजे मास्तरीणबाई शेवटी खेळात आल्या," म्हणाला. मी बजावलं, पोरांना सांगू नको, माझी काही पत राहणार नाही. त्याने कबूल केलं. आणि म्हणाला, "दिवाळीला येतो टेस्टर न्यायला. सगळेच येतो."

विनू गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नल्लकुंट्याला पोचले तेव्हा जिन्यात सोहम नव्हता. वर माणसं होती, चपला होत्या. शुभदा मला बघून उठली आणि तिने मला पाणी दिलं, जणू मी नेहमीसारखी आले होते. दोन्ही मुलं आतल्या खोलीत शेजारणीच्या मोबाइलवर काहीतरी बघत बसली होती. सोहमने मला विचारलं, "आत्या, आज सुट्टी आहे?" मी हो म्हटलं. पुढचे तेरा दिवस मी त्या घरात होते आणि माझा कोणालाही काही उपयोग नव्हता. मी भांडी लावली, कपाट आवरलं, आल्यागेल्याला चहा दिला. शुभदा माझ्यासमोर रडायची नाही. "अक्का, तुम्ही टेन्शन नक्को घेऊ, मी करते सगळं," म्हणायची आणि स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहायची. मी तिच्यापाठोपाठ कधी गेले नाही. जायला हवं होतं बहुतेक. जाऊन काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं.

दहाव्याच्या दुपारी रेवा गॅलरीत एकटीच बसली होती. पुठ्ठ्याचं खोकं कठड्याला तसंच लटकत होतं. मी जवळ जाऊन बसले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्या, बाबा दवाखान्यात गेला ना, त्याची बॅग मी भरली."

मी म्हटलं, "शहाणी माझी."

"टॉवेल, ब्रश, चार्जर, चष्मा, सगळं दिलं मी. सोहम म्हणाला, एक वस्तू ठेवू या. चष्म्याचा रुमाल ठेवू या म्हणाला. मी म्हटलं, नक्को, बाबाला लागेल." तिने लटकतं खोकं हाताने ढकललं. "सगळं दिलं मी, आत्या. काहीच ठेवलं नाही."

तीस वर्षं मी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देतेय. मी म्हटलं, "असं काही नसतं गं. वस्तू ठेवल्याने माणूस परत येत नाही." तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मग तू दर वेळी कशी आलीस?"

तिचं गणित बरोबर होतं. प्रत्येक खेपेला माझी वस्तू राहिली आणि प्रत्येक खेपेला मी आले. आठ वर्षांच्या मुलीने एवढ्यावरून दुसरं काय समजायचं? मी तिला जवळ घेतलं, ती आली, पण काठीसारखी ताठ. रात्रभर ते माझ्या डोक्यात होतं. हे पोर असंच मोठं होईल आणि प्रत्येक प्रवासाच्या बॅगेशी बसून मनात हेच म्हणेल, हे मला दिसत होतं.

सकाळी मी माझ्या बॅगेतून टेस्टर काढला आणि दोघांना गॅलरीत घेऊन गेले. रेवाने लाल चिकटपट्टी बघताच ओळखला. "हा बाबाचा आहे. हा हरवला होता." मी तिला सगळं सांगितलं. हा हरवला नव्हता, मी ठेवून घेतला होता, तुम्ही झोपला होता तेव्हा. जूनपासून माझ्या कपाटात होता. बाबा दिवाळीला न्यायला येणार होता. "म्हणजे बघ, रेवा, बाबाची वस्तू ठेवलेली होती. माझ्याकडे होती. तरी तो नाही येऊ शकला. तेव्हा तू रुमाल ठेवला असतास तरी…" तिने टेस्टर हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला. "दवाखान्यात होता तेव्हापण तुझ्याकडेच होता?"

"हो."

"कपाटात?"

"हो," मी म्हटलं.

तिने हळूच श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले, ते मला स्पष्ट दिसलं. मग तिने टेस्टर सोहमच्या खिशाला अडकवला. त्याचा खिसा एवढासा, टेस्टर त्यात तिरपा उभा राहिला. तो दिवसभर तसाच, छाती पुढे काढून घरभर फिरत होता.

मी तिला अर्धंच सांगितलं. फोन आला तेव्हा टेस्टर कपाटात नव्हता. गुरुवारी दुपारी मी तो बाहेर काढला होता. न्यायला विनू येणार होता आणि मीच टेस्टर घेऊन निघाले होते, आणि त्याच मिनिटाला फोन वाजला. मी गणिताची बाई आहे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही हे मला कळतं. पेपर नंतर तपासले असते तर निदान त्याला भेटले असते, एवढंच खरं आहे, तेही मला कळतं. तरी मन त्या खणापाशी जातं. रेवाचं ओझं उतरवायला मी गेले आणि ते कुठे गेलं ते मला माहीत आहे. हा लेख मुलांना वाचता येत नाही, हे पहिल्यांदाच मला बरं वाटतंय. शुभदा वाचेल. शुभदा, तिला आत्ताच सांगू नको.

चौदाव्या दिवशी मी निघाले. बॅग मुद्दाम उघडी टाकून मी बराच वेळ आंघोळीला गेले. परत आले तर बॅगेला कुणी हात लावलेला नव्हता. मग मीच माझं चष्म्याचं घर काढलं आणि फ्रिजवरच्या बिस्किटांच्या डब्यामागे सरकवून ठेवलं. कोणी पाहिलं नाही. शुभदाच्या पाया पडण्याला "राहू दे गं" म्हटलं, सोहमचा पापा घेतला. त्याच्या खिशातला टेस्टर माझ्या गालाला टोचला. रेवा कुठे दिसली नाही. खाली काचीगुड्याच्या स्टेशनला जायला रिक्षा उभी होती. मी बसले, रिक्षावाल्याने किक मारली, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. रेवा धावत आली. तिच्या हातात माझं चष्म्याचं घर होतं.

"आत्या, हे राहिलं होतं बघ."

एरवी पाहुण्यांची राहिलेली वस्तू आपण देतो तसं तिने ते दोन्ही हातांनी माझ्या मांडीवर ठेवलं. मी म्हटलं, "असू दे ना गं इथे." तिने मान हलवली. "नक्को आत्या. आता काही ठेवायचं नाही. तू अशीच ये."

"येते," मी म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. विनूही तिच्यासमोर बॅग उचलून 'येतो' म्हणाला असेल. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "चलूं क्या अम्मा?" मी हो म्हटलं.

दिवाळी झाली. कोणी आलं नाही, मीही गेले नाही. शाळा आहे, पेपर आहेत, पुढच्या महिन्यात जाईन म्हणतेय. शुभदा दर रविवारी फोन करते, मुलं दोन-दोन वाक्यं बोलतात. चष्म्याचं घर आत्ता टेबलावर माझ्या डाव्या हाताला आहे. कंगवा आरशापाशी, लाल पेन डब्यात, मोज्यांची जोडी खणात, किल्ली वाटीत. सगळं जागच्या जागी आहे. पाच वर्षांत पहिल्यांदाच माझी एकही वस्तू हैदराबादला नाही.